प्रवेश आधी, प्रमाणपत्र मागाहून

जूनमध्ये शाळा उघडली आणि दिव्यांग मुलाला घेऊन कुणी जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत गेलं, की टेबलापलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दाखला आहे का?" वयाचा नव्हे, अपंगत्वाचा. नसेल तर "आधी तो काढून आणा, मग बघू." पालक गप्प घरी येतात आणि जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्या सुरू होतात. अर्ज केल्यापासून प्रमाणपत्र हातात पडायला ३ महिन्यांपर्यंतची मुदत नियमातच आहे. तोवर सहामाही येते, आणि मग "आता पुढच्या वर्षीच या" हे वाक्य तयार असतं.

समावेशित शिक्षणाचं काम तालुक्याच्या पातळीवर करताना आम्ही प्रत्येक पालकाला पहिली गोष्ट हीच सांगतो, की हा क्रम उलटा आहे. प्रवेशाला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागत नाही. ते लागतं पैशासाठी, साहित्यासाठी आणि परीक्षेतल्या सवलतींसाठी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयाचा पुरावा नाही म्हणूनसुद्धा प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), मुदत उलटली म्हणून नाकारता येत नाही (कलम १५), आणि प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावता येत नाही (कलम १३). चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ तर शासनाचा पैसा घेणाऱ्या किंवा शासनमान्य असलेल्या प्रत्येक शाळेला लागू पडतं. त्यात किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट नाही. ३० टक्के दृष्टिदोष असलेल्या मुलालाही ते लागू आहे. "दोन दिवस वर्गात बसवून बघतो, जमलं तर घेऊ" हा चाळणीचाच प्रकार आहे, असं अर्जात लिहायला काहीच हरकत नाही.

अर्ज मात्र हवाच, आणि दोन प्रतींत हवा. मुलाचं नाव आधारवर आहे तसंच्या तसं, जन्मतारीख, वयानुसार कोणती इयत्ता, मुलाला काय जमतं आणि कशाला मदत लागते (पायऱ्या, स्वच्छतागृह, डबा खाणं, फिट येत असल्यास चालू औषध), आणि शेवटी कलम १६ चा उल्लेख. एका पानात बसतं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. नकार जवळपास नेहमी तोंडी असतो. लेखी नकार सहसा कुणी देत नाही, कारण तो कायद्याविरुद्ध आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं. शिक्का मिळत नसेल तर तोच अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायची. पुष्कळ ठिकाणी एवढ्यावरच काम होतं. भांडायला जाण्यापेक्षा पोच घेऊन परत येणं जास्त कामाचं.

जनरल रजिस्टरला नाव चढून क्रमांक पडला, की प्रवेश झाला. त्याआधी "बसू द्या वर्गात, नाव नंतर घालू" असं कुणी म्हणत असेल तर ते मान्य करू नये. नाव नसलेलं मूल पोषण आहारात, पाठ्यपुस्तकांत, गणवेशात, कशातच धरलं जात नाही. इयत्ताही नीट पाहावी. शाळेत कधीच न गेलेल्या ९ वर्षांच्या मुलाला पहिलीत घालण्याकडे शाळांचा कल असतो. कायदा वयानुरूप वर्ग म्हणतो आणि मागे राहिलेला भाग भरून काढायला विशेष प्रशिक्षण देणं ही शाळेचीच जबाबदारी ठरवतो.

आता कोणती शाळा. पर्याय ढोबळमानाने तीन: जवळची नेहमीची शाळा, विशेष शाळा, किंवा गृहाधारित शिक्षण. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त, असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे आणि जवळची शाळा की विशेष शाळा हे निवडण्याचा हक्क मुलाचा आणि पालकांचा आहे. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ तसं सांगतं. म्हणजे "याला विशेष शाळेतच घाला" हा शाळेचा सल्ला असू शकतो, निर्णय नव्हे. पण उलट बाजूही बघावी. पूर्ण कर्णबधिर मुलाला गावच्या शाळेत सांकेतिक भाषा येणारं एकही माणूस नसेल, तर समावेशनाच्या नावाखाली ते मूल वर्गात एकटं बसून राहतं. अशा मुलाला सुरुवातीची वर्षं चांगल्या कर्णबधिर शाळेत घालावं आणि भाषा आली की बदली मागावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. बौद्धिक दिव्यांगत्व सौम्य असेल किंवा हालचालीपुरतीच अडचण असेल, तर मात्र गावची शाळा सोडू नये. निवासी विशेष शाळेत गेलेलं मूल सुट्टीत घरी आलं की गल्लीतल्या मुलांना ओळखत नाही, ही किंमत कुठल्याच फॉर्मवर लिहिलेली नसते.

गृहाधारित शिक्षण तीव्र किंवा बहुविकलांग मुलांसाठी आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो पालकांचा हक्क आहे. शाळेची सोय नव्हे. मुलाचं नाव शाळेच्या पटावरच असतं, विशेष शिक्षक घरी येतो. गैरवापर होतो तो असा, की चाकाची खुर्ची वापरणाऱ्या, पण डोक्याने तल्लख मुलीला "गृहाधारित" दाखवून शाळा उताराचा रस्ता बांधण्याचा खर्च टाळते. सही करण्याआधी कागदावर कोणता पर्याय लिहिलाय ते वाचावं.

विशेष शिक्षक म्हणजे शाळेत रोज असणारा शिक्षक, अशी समजूत असेल तर ती सोडावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिकसाठी १० मुलांमागे १ आणि त्यावरच्या वर्गांसाठी १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये प्रत्येक केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, एक या हिशेबाने ४,८६० पदं मंजूर केली. एका केंद्रात दहाबारा शाळा सहज असतात. तेव्हा मुख्य शिकवणं वर्गशिक्षकाचंच. विशेष शिक्षक ठरलेल्या वारी येतो, आयईपी म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करतो आणि वर्गशिक्षकाला रीत दाखवून जातो. तो कोणत्या वारी येतो हे विचारून मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावं. आणि आयईपीची प्रत मागावी. "वाचन सुधारणे" असं ध्येय लिहिलं असेल तर ते ध्येय नव्हे. "दिवाळीपर्यंत काना-मात्रा नसलेले दोन अक्षरी शब्द दहापैकी आठ वाचेल" असं हवं, कारण दिवाळीनंतर ते तपासता येतं.

प्रवेश झाला, की प्रमाणपत्राच्या मागे लागायचं. हल्ली अर्ज स्वावलंबन पोर्टलवरून यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठीच करायचा असतो. प्रमाणपत्र आणि कार्ड दोन्ही त्यातूनच निघतात. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा आणि असतील तर जुने उपचाराचे कागद जोडायचे, रुग्णालय निवडायचं, पावती छापून न्यायची. रुग्णालयांत दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार वार ठरलेले असतात. कानाचा वार आणि मानसोपचाराचा वार वेगळा. म्हणून बहुविकलांग मुलाचं काम एका फेरीत होत नाही. ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ७९ ला पिवळं आणि ८० आणि त्यावर निळं कार्ड येतं.

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो वयाच्या अटींचा. बौद्धिक दिव्यांगत्वाचं निदान ५ वर्षांच्या आधी लिहीत नाहीत; तोवर "सर्वांगीण विकासातील विलंब" असं मर्यादित मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं आणि पुढे ५, १० आणि १८ व्या वर्षी तपासणी होते. अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण) प्रमाणपत्र ८ वर्षं पूर्ण झाल्यावरच. मग १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा. त्यासाठी आधी बुद्ध्यंक काढतात, तो ८५ च्या वर असला तरच बंगळुरूच्या निमहान्स संस्थेची चाचणीमाला लावतात. ही चाचणी मुलाच्या शिकण्याच्या भाषेत झाली पाहिजे. मराठी माध्यमातल्या मुलाचं इंग्रजी स्पेलिंग तपासून निष्कर्ष काढलेला दिसला तर तिथेच हरकत घ्यावी. स्वमग्नतेसाठी इसा ही ४० मुद्द्यांची मोजपट्टी असते. ७० पासून पुढे गुण पडले तर स्वमग्नता धरतात. त्यातले प्रश्न पालकांनाच विचारले जातात. लाजेखातर "घरी तसा शांत असतो" असं सांगितलं की गुण कमी पडतात. वाईट दिवशी मूल कसं वागतं ते सांगावं. मोबाइलवर दोनतीन छोटे व्हिडिओ ठेवले तर अधिक चांगलं. शाळेत शिक्षक प्रशस्त ॲपवर प्राथमिक पडताळणी करतात. तिचा निकाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, पण रुग्णालयात नेण्यासारखा कागद आहे.

मुदतीचं प्रमाणपत्र संपायच्या दोनतीन महिने आधीच नूतनीकरणाला लागावं. मधल्या काळात शिष्यवृत्ती थांबते, आणि थांबलेली मागाहून मिळत नाही असंच धरून चालावं.

पण पैसा प्रमाणपत्रापाशी सुरू होत नाही, तो यूडायस प्लसपाशी सुरू होतो, आणि याची कल्पना पालकांना क्वचितच असते. शाळा दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती या पोर्टलवर भरते. माहितीची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. त्यात मूल विशेष गरजा असलेलं आहे का, कोणत्या प्रकारचं, टक्केवारी किती, हे रकाने असतात. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि अतिचंचलतेची पडताळणी झाली का, हेही विचारलेलं असतं. आणि सुविधांच्या पानावर श्रवणयंत्र, ब्रेल साहित्य, चाकाची खुर्ची, मदतनीस, भत्ता असे वेगवेगळे रकाने असतात. माहिती भरणाऱ्याने पहिल्या रकान्यात "नाही" टिचकवलं, की ते मूल त्या वर्षी सरकारच्या लेखी दिव्यांग नाही. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेचा पुढच्या वर्षीचा आराखडा याच आकड्यांवर बनतो आणि केंद्र सरकारच्या प्रकल्प मान्यता मंडळाकडे जातो. ऑक्टोबरनंतर कितीही अर्ज केले तरी आकडा बदलायला पुढचं वर्ष उजाडतं. म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेत जाऊन मुलाच्या नोंदीची छापील प्रत मागावी. प्रमाणपत्र अजून हाती नसेल तर रुग्णालयाची पावती आणि विशेष शिक्षकाचा अभिप्राय जोडून नोंदीचा आग्रह धरावा. प्रकार चुकणं हेही नेहमीचं: मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाला "अस्थिव्यंग" दाखवलं, की आराखड्यात त्याला सीपी चेअरऐवजी (अशा मुलांची आधाराची खुर्ची) कुबड्या येतात.

सुविधांचं पान दरवर्षी नव्याने भरावं लागतं. शाळा बदलली की जुनी शाळा मुलाला पोर्टलवरच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकते आणि नवी शाळा पीईएन क्रमांकावरून (पोर्टलवरचा मुलाचा कायमचा क्रमांक) ओढून घेते. चौथीतून पाचवीत किंवा आठवीतून नववीत जाताना मुलं गळतात ती इथे. दाखल्याबरोबर पीईएन क्रमांक, आयईपीची शेवटची प्रत आणि मिळालेल्या साहित्याची यादी असे तीन कागद मागून घ्यावेत.

आता तो प्रसिद्ध आकडा. समग्र शिक्षात प्रत्येक विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. ही बातमी वाचून पालक बँकेत चौकशी करतात. ते पैसे खात्यात येत नाहीत. ही आराखडा मांडायची मर्यादा आहे; तिच्यातून साहित्य, थेरपी, ब्रेल आणि मोठ्या टाइपातली पुस्तकं, भत्ते हे सगळं एकत्र उचललं जातं आणि एका मुलावर कमी, दुसऱ्यावर जास्त खर्च होतो. केंद्र आणि राज्याचा वाटा ६० आणि ४०. राज्यात हे काम महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत चालतं. तपासणी शिबिरांसाठी तालुक्याला शिबिरामागे १० हजार रुपये धरलेले असतात. मंडप, वाहतूक आणि चहा यांतच ते संपतात.

थेट खात्यात येतं ते एवढंच: दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये, वर्षाचे १० महिने, आणि मंजूर असतील तर प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, अंध मुलांचा वाचक भत्ता, ज्यांची रक्कम त्या वर्षीच्या मंजूर आराखड्यावर ठरते. मदतनीस भत्ता हा मुलाला आणून सोडणाऱ्या, दिवसभर शाळेत थांबणाऱ्या आईचा पगार नव्हे. तो बहुधा वर्ष संपताना येतो. त्याच्या भरवशावर आईने रोजंदारी सोडू नये, असं आम्ही तोंडावर सांगतो. ऐकायला कडू लागतं, पण खरं आहे.

याखेरीज राज्याची शालान्तपूर्व शिष्यवृत्ती आहे, ती शिक्षण विभागाकडे नसून जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे असते: पहिली ते चौथी दरमहा १००, पाचवी ते सातवी १५०, आठवी ते दहावी २०० रुपये, ४० टक्के आणि वर. प्रस्ताव मुख्याध्यापकांनी पाठवायचा असतो. रक्कम लहान म्हणून शाळा कंटाळा करतात.

पैसे अडकतात ते बहुधा खात्यापाशी. बँक पासबुक दाखवून "आधार जोडलेलं आहे" म्हणते, पण थेट लाभासाठी एनपीसीआय या बँकांचे व्यवहार हाताळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या नोंदीत तेच खातं आधारशी मॅप झालेलं असावं लागतं. शाखेत दोन्ही वेगवेगळं विचारावं. दुसरा अडथळा नावाचा: शाळेच्या रजिस्टरला आडनाव आधी, आधारवर शेवटी, यूडीआयडीवर वडिलांचं नावच गायब. आधार प्रमाण धरून बाकीचे कागद त्याला जुळवावेत, उलट करू नये. आधारचं बायोमेट्रिक वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी नव्याने द्यावं लागतं. बोटं आखडलेल्या मुलाचे ठसे येत नसतील तर आधार केंद्राचा चालक परत पाठवतो. अशा मुलांसाठी बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे, ती नावानिशी मागावी लागते.

उतारासाठी आणि स्वच्छतागृहासाठी शाळेकडे पैसे नसले, तर ग्रामपंचायतीकडे बघावं. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात आणि ग्रामसभेत मागणी नोंदवता येते. मात्र बांधकाम होताना तिथे उभं राहावं. उताराचं प्रमाण १ ला १२: दीड फूट जोत्याला १८ फूट लांब उतार. गवंडी जागा वाचवायला सहा फुटांत उतरवतो, आणि त्या घसरगुंडीवरून खुर्ची चढत नाही, फक्त पडते. स्वच्छतागृहाचं दार ९० सेंटिमीटर, उघडणारं बाहेरच्या बाजूला, आत खुर्ची वळायला दीड मीटरचा मोकळा घेर. दार आत उघडणारं बसवलं की खुर्ची आत गेल्यावर ते बंदच होत नाही, आणि मग त्या खोलीत झाडू ठेवतात.

साहित्याचं शिबिर गट साधन केंद्रात किंवा तालुक्याच्या ठिकाणी होतं. दिव्यांगांचं साहित्य बनवणाऱ्या एलिम्को या सरकारी कंपनीची माणसं मापं घेतात, ऑर्डर कानपूरला जाते आणि वाटप काही महिन्यांनी वेगळ्या दिवशी होतं. तेवढ्यात मूल वाढतं. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि बुटाच्या बाबतीत हे नेहमी घडतं. म्हणून वाटपाच्या दिवशी फोटो काढून घरी न जाता तिथेच घालून, चालवून बघावं. आखूड असेल तर वाटप नोंदवहीत सहीशेजारी "माप जुळत नाही, बदलून हवे" असं लिहावं. एकदा कोरी सही झाली की साहित्य "मिळालं" धरतात. एडिप या केंद्र सरकारच्या साहित्य योजनेत तेच साहित्य पुन्हा ३ वर्षांनी मिळतं, १२ वर्षांखालच्या मुलाला १ वर्षाने. श्रवणयंत्राचं दुखणं वेगळं. यंत्र फुकट मिळतं, पण बॅटरी आठवड्या-दोन आठवड्यांत संपते आणि कानातला साचा मूल वाढेल तसा बदलावा लागतो. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी घालतं, वर्ग हसतो, मूल यंत्र दप्तरात टाकतं. बऱ्याच "यंत्र वापरत नाही" अशा तक्रारींचं मूळ साच्यात असतं.

कुठे दाद मागायची, तर पायरीपायरीने: मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक). शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीचा निर्णय ३ महिन्यांत द्यायचा असतो. त्यावरचं अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं. भेदभावाची तक्रार पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडेही करता येते, साध्या अर्जावर, वकिलाशिवाय. मुलाची नोंद, मंजूर भत्ता आणि वाटप यादी यांची माहिती १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर माहिती अधिकारात मागावी. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रारीआधी हा अर्ज टाकला तर तक्रारीत लिहायला आकडे मिळतात, आणि अनेकदा अर्ज पोचताच अडलेला भत्ता हलतो.

नववीत मात्र वेळ दवडू नये. दहावीच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा, लेखनिक, भाषेतल्या सवलती, काही प्रवर्गांना गणिताऐवजी सातवीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय, हे सगळं विभागीय मंडळाच्या मंजुरीने मिळतं, आणि प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. प्रमाणपत्राची मुदत त्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालू हवी. १४ व्या वर्षीची फेरतपासणी राहून गेलेली असली तर प्रस्ताव तिथेच अडतो. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो. तो आयत्या वेळी शोधला तर मुलाचं बोलणं त्याला कळत नाही, विशेषतः मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांचं. नववीच्या सहामाहीपासून तोच लेखनिक बसवावा, आणि आजारपणासाठी दुसरा एक तयार ठेवावा.